तीनशे बाय अडीचशे

(दृश्य: काळा पडदा. मधोमध एक रिकामी पांढरी चौकट.)

ही चौकट तुम्ही आज सकाळपासून निदान दहा-वीस वेळा पाहिली असेल. रुंदी ३०० पिक्सेल, उंची २५०. कॉम्प्युटरवर बातमी वाचताना ती उजव्या हाताला असते, मोबाइलवर दोन परिच्छेदांच्या मधे येते. आमच्या धंद्यात तिला जाहिरात म्हणायला कुणाला वेळ नसतो. ‘तीनशे-अडीचशे झाला का?’ एवढंच विचारतात. माझी चौदा वर्षं या चौकटीत गेली. ती आतून कशी होती आणि कशी झाली, ते सांगते.

सुरुवात अमेरिकेतली. २७ ऑक्टोबर १९९४ ला हॉटवायर्ड नावाचं नियतकालिक वेबवर सुरू झालं, आणि त्याच्या पानांवर लांबट जाहिरातपट्ट्या लागल्या. त्यातली एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची पट्टी धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यात एकच प्रश्न होता : माऊसनं नेमकं इथं कधी क्लिक केलंयत? आणि शेजारी उत्तर : कराल. क्लिक केलं की जगभरच्या कलासंग्रहालयांकडे जायची वाट उघडायची. पट्टी पाहणाऱ्या शंभरातल्या ४४ जणांनी क्लिक केलं, असं ती बनवणारे सांगत आले आहेत. आज शंभरात एक जरी मिळाला, तरी आम्ही तो आकडा खरा आहे ना, हे आधी तपासतो.

मला त्या आकड्यापेक्षा तो प्रश्न मोलाचा वाटतो. टीव्ही कधी प्रेक्षकाला काही विचारत नव्हता. रस्त्यावरचं होर्डिंग विचारत नव्हतं. या पट्टीनं विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली.

आपल्याकडे विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. पुढच्याच वर्षी मुंबईत रेडिफ हे वेब पोर्टल सुरू झालं. ते सुरू करणारे अजित बालकृष्णन मूळचे जाहिरातीतले, रेडिफ्युजन या एजन्सीच्या संस्थापकांपैकी एक. आपल्याकडचं वेब पाळण्यात होतं, तेव्हापासूनच जाहिरातवाले शेजारी उभे होते.

(दृश्य: लोअर परळ स्टेशनचा पूल, सकाळची गर्दी. दूरवर गिरणीची जुनी चिमणी.)

मी या धंद्यात आले २००७ मध्ये. ऑफिस लोअर परळला, एका गिरणीच्या आवारात. जिथं कधीकाळी माग चालायचे, तिथं आम्ही तिसेक जण स्क्रीनसमोर बसायचो. तेव्हा सगळं फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये चालायचं. चित्र, हालचाल, आवाज, बटण, सगळं एकाच फाइलमध्ये. वजनाची मर्यादा ४० केबी. आज तुमच्या फोनमधला एक साधा फोटो त्याच्या पन्नास-शंभर पट भरतो. हालचाल १५ सेकंदांत थांबलीच पाहिजे. एवढ्यात जे काही सांगायचं ते सांगायचं.

पहिल्याच आठवड्यात आमच्या सीनिअरनं मला एक काम उघडून दाखवलं. २००४ मधलं, बर्गर किंगचं. कोंबडीचा पोशाख घातलेला एक माणूस खोलीत उभा. तुम्ही खाली टाइप करायचं, उडी मार, नाच, झोप. तो तसं करायचा. समोर खरोखर कॅमेरा चालू आहे आणि तो माणूस आपलं ऐकतोय, असं वाटायचं. प्रत्यक्षात आधीच चित्रित करून ठेवलेले शेकडो तुकडे होते, शब्द ओळखून योग्य तो तुकडा लागायचा. त्या दिवशी दुपारचं जेवण सोडून मी त्याला कायकाय सांगत बसले होते. इंटरअ‍ॅक्टिव्ह म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. बघणाऱ्याच्या हाताला काम द्यायचं.

त्या ओढीनं मी माझा पहिला चांगला बॅनर, म्हणजे चौकटीतली जाहिरात, केला. २००९ ची दिवाळी. चौकट अंधारी, मधे एक विझलेली पणती. माऊस वातीजवळ नेला की ती पेटायची. मग दुसरी दिसायची, मग तिसरी. पाच लागल्या की चौकट उजळून निघायची आणि क्लायंटचं नाव यायचं. ज्योतीच्या थरथरण्यासाठी मी दोन रात्री घातल्या होत्या. पाच ज्योती एकाच ठेक्यात हलल्या तर त्या खोट्या दिसतात, म्हणून प्रत्येकीचा ठेका वेगळा लावला होता.

(दृश्य: जुन्या मॉनिटरवर अंधारी चौकट. एक ज्योत पेटते.)

आता मराठीचं सांगते. मास्टर, म्हणजे मूळ नमुना, नेहमी इंग्रजीत. तो अप्रूव्ह झाला की हिंदी, आणि मग उरलेल्या भाषांचे अ‍ॅडॅप्ट. मराठी रात्री दहानंतर यायची, कॅम्पेन सकाळी लाइव्ह जाणार असताना. इतक्या उशिरा कॉपीरायटर, म्हणजे मजकूर लिहिणारा, थांबलेला नसायचा, तेव्हा मराठी येणारा जो कुणी ऑफिसात असेल त्याला हाक. बहुतेकदा मलाच.

आणि तेव्हाच्या फ्लॅशला देवनागरी कळत नव्हती. आम्ही श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये मजकूर लावायचो आणि कंट्रोल-बी दोनदा दाबायचो. पहिल्यांदा ओळ फुटून सुटे तुकडे व्हायचे, दुसऱ्यांदा त्या तुकड्यांचे नुसते आकार. मग अक्षर म्हणून काही राहायचंच नाही, चित्र व्हायचं. बिघडायचा धोका संपला, पण एक शब्द बदलायचा तर पुन्हा पहिल्यापासून.

पणत्यांचा बॅनर लाइव्ह जायच्या आदल्या रात्री क्लायंटकडून पावणेबाराला बदललेली ओळ मेलवर आली. युनिकोडमध्ये, म्हणजे फ्लॅशला न कळणाऱ्या नव्या पद्धतीत. मी शेवटची लोकल पकडायला निघाले होते, दुसऱ्या कुणीतरी ती उचलून थेट फाइलमध्ये डकवली. ‘दि’ची वेलांटी ‘द’च्या आधी बसायची, ती नंतर जाऊन बसली आणि ‘व’ला चिकटली. सकाळी साडेदहाला आईचा फोन आला. ती ऑफिसात मराठी पेपरची साइट उघडून बसली होती. म्हणाली, ‘अगं, तुमच्या त्या पणत्या लागल्या बघ सगळ्या. पण दिवाळी अशी लिहितात का?’

दुरुस्त व्हायला दुपार झाली. ऑफिसात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. इंग्रजी बॅनरमध्ये एक स्पेलिंग चुकलं असतं तर मीटिंग बसली असती, हे मला आजही लागतं.

फ्लॅश गेलं, पण हा प्रश्न गेला नाही. बटणाची उंची इंग्रजीवर ठरते. त्यात ‘संधी चुकवू नका’ बसवलं की खालचे उकार कापले जातात आणि वाचणाऱ्याला दिसतं ‘संधी चकव नका’. देवनागरीला वर मात्रा-अनुस्वाराला जागा लागते, खाली उकाराला लागते. ही गोष्ट मी कामाच्या किती सूचनांमध्ये (ब्रीफमध्ये) लिहून दिली असेल, मोजदाद नाही. माझ्यासारखी मुलं-मुली अजूनही ती रात्री उशिरा, एकेका साइझमध्ये, हातानं सावरत असतात. ७२८ बाय ९०, १६० बाय ६००, ३२० बाय ५०. एका कॅम्पेनचे भाषा गुणिले साइझ धरून शंभर-दीडशे तुकडे सहज होतात.

आणि लाइव्ह गेल्यावर स्क्रीनशॉट. जाहिरात खरंच लागली, याचा पुरावा म्हणून क्लायंटला पाठवायचे. नव्यानं लागलेल्या पोरापोरींचं हे काम. बॅनर दिसेपर्यंत तेच पान रिफ्रेश करत बसायचं, तासन्‌तास. पूर्वी निदान कोणत्या पानावर, कोणत्या तारखेला हे ठरलेलं असायचं. पुढे तेही राहिलं नाही, कारण चौकट कुणाला काय दाखवणार हे पान उघडेपर्यंत कुणालाच माहीत नसतं.

(दृश्य: फोनवर एक पान उघडतंय. चौकटीची जागा काही क्षण कोरी.)

या कोऱ्या क्षणात काय होतं ते बघा. पानावरचा कोड एका एक्सचेंजला, म्हणजे जाहिरातीच्या जागांच्या बाजाराला, कळवतो : अमुक फोन, अमुक शहर, अमुक ओळखक्रमांक, जागा तीनशे-अडीचशे. एक्सचेंज ही चिठ्ठी कितीतरी खरेदीदार यंत्रणांकडे धाडतं. त्या बोली लावतात. उत्तराला मुदत साधारण १०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. जिंकेल त्याची जाहिरात चौकटीत उतरते. भाव हजार दर्शनांवर ठरतो. हजाराला ५० रुपये धरले, तर तुमच्या एका नजरेचे पाच पैसे झाले. आणि नजर म्हणजे तरी काय? चौकटीतले निम्मे पिक्सेल सलग एक सेकंद पडद्यावर राहिले, की जाहिरात ‘दिसली’ अशी नोंद होते. माणूस त्या वेळी खिडकीबाहेर बघत असला तरी.

आईला हे सगळं मला एकदा समजावून सांगावं लागलं. रिटायर झाल्यावर ती फोनवर वाचायला लागली. एके दिवशी तिनं एका शॉपिंग साइटवर गुडघ्याचे पट्टे बघितले. घेतला नाही, कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून आणला. पण पट्टे तिच्या मागं लागले. पंचांगाच्या पानावर पट्टा, पुरणपोळीच्या रेसिपीत पट्टा, जवळच्या माणसाच्या निधनाची बातमी वाचताना पट्टा. तीन आठवडे. तिनं फोन उपडा ठेवला आणि मला विचारलं, ‘माझ्या गुडघ्याचं यांना कुणी सांगितलं गं?’

तिच्या आवाजात राग नव्हता, संकोच होता. दुखणं चारचौघांत निघाल्यासारखा.

तो पट्टा आमच्या क्लायंटचा नव्हता. पण यंत्रणा तीच, जिच्यावर माझं घर चाललं. मी तिला कुकीचं सांगितलं, म्हणजे साइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदीचं. नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी ती बनवली १९९४ मध्ये, म्हणजे त्या पहिल्या पट्टीच्याच वर्षी. साइटला आपला ग्राहक लक्षात राहावा, एवढाच तिचा हेतू होता. पुढे एका साइटवर बसलेली तिसऱ्याचीच कुकी दुसऱ्या, तिसऱ्या, शंभराव्या साइटवर तुम्हाला ओळखायला लागली. पट्टा बघितला हे तिला कळतं. केमिस्टकडून आणला, हे कळत नाही. म्हणून ती थांबत नाही. अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरनं २०२० मध्ये अशा कुकीज सरसकट अडवल्या. गुगलनं त्याच वर्षी क्रोममधून दोन वर्षांत काढू म्हणून सांगितलं आणि २०२४ मध्ये तो बेत सोडला.

मग आम्ही दोघींनी तिच्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन जाहिरातीचा ओळखक्रमांक पुसला, कुकीज साफ केल्या. ती चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचत होती. ‘हे आधीच का नाही सांगितलंस?’ म्हणाली. मला उत्तर देता आलं नाही.

सगळंच तसं झालंय असं नाही. २०२१ च्या दिवाळीत कॅडबरीसाठी ओगिल्व्ही या एजन्सीच्या मुंबईतल्या लोकांनी एक काम केलं. छोट्या दुकानदारानं साइटवर आपल्या दुकानाचं नाव घालायचं, की शाहरुख खान त्याच दुकानाचं नाव घेतोय अशी जाहिरात तयार. ती त्यानं आपल्या गिऱ्हाइकांना पाठवायची. यंत्राची ताकद तीच, पण दुकानदाराला आधी विचारलेलं होतं आणि त्यानं स्वतः नाव टाइप केलं होतं. ते बघताना मला बऱ्याच वर्षांनी आपल्या धंद्याचा अभिमान वाटला.

(दृश्य: टेबलावर जुनी हार्ड डिस्क, वर मार्करनं लिहिलंय : बॅनर ०७–११.)

फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं. १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरनंच फाइली चालवायचं थांबवलं. जगभरातल्या हजारो जणांचं काम त्या दिवशी उघडेनासं झालं. सिनेमाचं जतन करणाऱ्या संस्था आहेत, छापील जाहिरातींची पुस्तकं निघतात. बॅनर कोण ठेवणार? त्यावर बनवणाऱ्याचं नावही कधी नसतं.

रफल नावाचा एक मुक्त प्रोग्राम आहे, स्वयंसेवकांनी उभा केलेला. जुन्या फ्लॅश फाइली त्यात चालतात. इंटरनेट अर्काइव्हनंही त्याच्याच आधारानं हजारो फाइली पुन्हा बघायला ठेवल्या आहेत. गेल्या महिन्यात मी ही डिस्क लावली, २००९ चा फोल्डर उघडला, मराठी तीनशे-अडीचशे रफलमध्ये टाकला आणि लॅपटॉप आईसमोर सरकवला.

(दृश्य: अंधारी चौकट. एका वयस्कर हाताखाली माऊस सरकतो.)

तिनं वातीजवळ बाण नेला. एक लागली. दुसरी. तिसरी. पाचही लागल्यावर ती ओळीवर वाकली, ‘दिवाळी’ नीट वाचली आणि खालचं बटण दाबलं. पलीकडचं पान कधीच गेलेलं होतं. ज्योती मात्र हलत राहिल्या, प्रत्येक आपापल्या ठेक्यात.