साडेतीनशेला साडेआठशे कशाला?

(मिशिगनमधल्या मराठी मंडळींच्या बैठकीत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'जुन्या मसल कारसाठी कार्ब्युरेटर कसा निवडावा आणि कसा ट्यून करावा'. मसल कार म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातल्या मोठ्या इंजिनाच्या अमेरिकन गाड्या, आणि कार्ब्युरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग. निवडण्याबद्दल मी बोलणारच आहे. ट्यूनिंगचं वेळेवर अवलंबून.

समोर बसलेल्यांपैकी बरेच जण इथल्या गाड्यांच्या कंपन्यांत आहेत किंवा होते. तुमचं सगळं आयुष्य फ्युएल इंजेक्शनवर गेलं, त्यामुळे कार्ब्युरेटर म्हटलं की तुम्हाला पुण्यातली आडवी करून किक मारायची चेतक आठवते. पण ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तुम्हीच घडीच्या खुर्च्या घेऊन डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर बसता की नाही? १९९५ मध्ये फर्नडेलमध्ये मुलांच्या सॉकरच्या मैदानासाठी पैसे गोळा करायला तो ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक, सुरू झाला, आणि आता रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. पुढच्या वेळी फोटो काढायचे सोडून जरा कान द्या. सिग्नल हिरवा होतो, पाय दाबला जातो, गाडी क्षणभर बसते, 'फट्' करून वर खोकते आणि मग सुटते. मालक म्हणतो, जुनी गाडी आहे, चालायचंच. अहो, १९७० साली शोरूममधून निघताना ती खोकत नव्हती!

माझं म्हणणं असं की लोक कार्ब्युरेटर फार मोठा घेतात, आणि त्यापायी कंपनीने दिलेला चांगला कार्ब्युरेटर काढून टाकतात.

हिशोब शाळेतला आहे. इंजिन किती घनइंचाचं ते घ्या, जास्तीत जास्त किती आरपीएमला पळवणार त्याने गुणा, ३४५६ ने भागा. एका घनफुटात १७२८ घनइंच, आणि फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतं, म्हणून दुप्पट. शेवरोलेचं ३५० घनइंचाचं इंजिन घ्या. साडेपाच हजार आरपीएम धरले तर ५५७ घनफूट दर मिनिटाला, म्हणजे ५५७ सीएफएम. तेही सिलिंडर शंभर टक्के भरले तर. रस्त्यावरच्या इंजिनाचे ८५ टक्के भरले तरी पुष्कळ, म्हणजे आकडा पावणेपाचशेच्या आत आला. सहाशे सीएफएमचा कार्ब्युरेटर लावलात तरी हात राखूनच आहे. आणि लोक लावतात काय? साडेआठशे!

मोठ्याने बिघडतं काय, तर हवेचा वेग. पेट्रोल व्हेंच्युरीत, म्हणजे कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात, कोणी पंपाने ढकलत नाही, तिथे हवा जोरात गेली की दाब पडतो आणि त्या ओढीने ते वर येतं. भोक मोठं केलंत की हवा संथ, ओढ कमी. पेट्रोल उशिरा येतं आणि येतं ते थेंबाथेंबाने.

आता एक गोष्ट. हे गृहस्थ आज इथेच बसलेत, नाव घेत नाही, त्यांच्या सौभाग्यवती हसायला लागल्यात तेवढं पुरे. यांनी १९७० ची शेवरोलेची शेव्हेल घेतली. ३५०, ऑटोमॅटिक, मूळचा रॉचेस्टर क्वाड्राजेट, म्हणजे चार भोकांचा कार्ब्युरेटर. एका गॅरेजवाल्याने पहिल्याच भेटीत सांगितलं, हे भंगार काढा. क्वाड्राजेटला इथे लोक 'क्वाड्राजंक' म्हणतात, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्यांनी तो कधी उघडूनही पाहिला नाही तेही म्हणतात. त्याजागी ८५० चा डबल पंपर, म्हणजे पाय दाबला की पुढच्या-मागच्या दोन्ही भोकांत पेट्रोलची धार मारणारा कार्ब्युरेटर, बसवला. क्वाड्राजेटची पुढची भोकं लहान, मागची मोठी; नव्याची चारही सारखी. म्हणून मध्ये एक ॲडॉप्टर प्लेट आली, आणि तिच्या कडेने हवा ओढली जात होती ती वेगळीच. वहिनी गाडीत बसेनात. म्हणाल्या, देवळातून घरी येईपर्यंत साडीला पेट्रोलचा वास लागतो.

जुना क्वाड्राजेट गॅरेजमध्ये बुटांच्या खोक्यात पडला होता, तो आम्ही उघडला. आतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा, फोमचा असतो, वर्षानुवर्षं पेट्रोल पिऊन जड होतो, मग वेळेवर वर येत नाही आणि कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो. वहिनींच्या पीठ मोजायच्या काट्यावर जुना फ्लोट ठेवला, मग नवा. जुना उघड उघड जड निघाला. काटा दोनदा घासून दिला, तरी तो विषय अजून संपलेला नाही. खाली पेट्रोलच्या विहिरींना बुचं असतात, ती झिरपत होती. रात्रभर गाडी उभी राहिली की पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांत, उतरायचं आणि सकाळी स्टार्टर ओरडत बसायचा. ती एपॉक्सीने बंद केली. आणि खरा चोर वर बसला होता. मागच्या दोन मोठ्या भोकांवर एक झडप असते, स्प्रिंगने मिटलेली. इंजिन जितकी हवा मागेल तितकीच ती उघडते. मी बोटाने दाबली तर ती तशीच खाली लोंबत राहिली. कोणीतरी स्प्रिंग सैल करून ठेवली होती! पाय दाबला की झडप एकदम उघडणार, हवा भसकन आत, पेट्रोल मागे. गाडी बसणारच. बाजूला ॲलनचा एक बारका स्क्रू असतो, तो सोडवून स्प्रिंग टेकल्यापासून पाऊण फेरा पीळ दिला आणि परत आवळला. काम संपलं. अर्थात भंगार ठरवायला तेवढाही वेळ लागत नाही.

तुम्ही म्हणाल, क्वाड्राजेटसुद्धा साडेसातशेचा असतो, मग तो कसा चालतो? चांगला प्रश्न, आणि कोणी विचारला नाही म्हणून मीच विचारतो. साडेसातशे ही त्याची कमाल मर्यादा. रोजचं चालणं पुढच्या १ ३/८ इंची भोकांवर होतं, मागची सव्वादोन इंची भोकं त्या झडपेच्या ताब्यात. म्हणून १९६६ च्या पाँटियाक स्प्रिंटच्या २३० घनइंची, सहा सिलिंडरच्या इंजिनावरही तो होता आणि १९७० च्या शेव्हेलच्या ४५४ घनइंची एलएस-५ इंजिनावरही होता.

पाँटियाकचं नाव निघालंच आहे तर त्यांची जीटीओ गाडी. १९६४ मध्ये ३८९ घनइंचाचं इंजिन, एका फोर-बॅरलवर, म्हणजे चार भोकांच्या कार्ब्युरेटरवर, ३२५ हॉर्सपॉवर, आणि ट्राय-पॉवर म्हणजे ओळीने तीन टू-बॅरल लावले की ३४८. बॉनेट उघडलं की गर्दी जमायची. १९६७ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने कॉर्व्हेट आणि कॉर्व्हेअर सोडून बाकी गाड्यांवर एकाहून जास्त कार्ब्युरेटर बंद केले. मग जीटीओला ४०० चं इंजिन आणि क्वाड्राजेट आला. शेवटच्या ट्राय-पॉवरचे ३६० हॉर्सपॉवर, आणि पुढच्या वर्षी एका क्वाड्राजेटवर एचओ, म्हणजे 'हाय आउटपुट', इंजिनाचेही कागदावर ३६०. इंजिन अकरा घनइंचांनी मोठं होतं, कबूल. पण दोन कार्ब्युरेटर कमी झाले होते! आणि ते तीनांचे सीएफएम बेरजेने सांगतात ना, तिथे फसू नका. टू-बॅरल तीन इंच पाऱ्याच्या दाबफरकावर मोजतात, फोर-बॅरल दीड इंचावर. सरळ बेरीज...

चिठ्ठी आली. सहा मिनिटं. बरं, जे छापलंय ते आता उरकतो.

निवड. ऑटोमॅटिक, जड गाडी, हायवेचा एक्सल असेल तर व्हॅक्यूम सेकंडरी, म्हणजे मागची भोकं इंजिनाच्या ओढीने उघडणारा, घ्या, सहाशेच्या आसपास. हलकी गाडी, मॅन्युअल, आखूड गिअरिंग आणि पाय हौशी असेल तरच डबल पंपर. मूळचा क्वाड्राजेट असेल तर तोच दुरुस्त करा.

ट्यूनिंग. कार्ब्युरेटरला शेवटी हात लावा. आधी पॉइंट, प्लग, टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते ते. स्मॉल ब्लॉक शेवरोलेला आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, दहा-बारा अंश, सगळं मिळून छत्तीसच्या आसपास. 'कार्ब्युरेटरचा प्रॉब्लेम' अर्ध्या वेळा इथेच मिटतो. मग व्हॅक्यूमच्या नळ्या आणि गॅस्केट तपासा. इंधनाचा दाब होली कंपनीच्या कार्ब्युरेटरला पाच ते सात पीएसआय, एडलब्रॉकला त्याहून थोडा कमी. फ्लोटची पातळी: होलीच्या बाजूचा प्लग काढला की पेट्रोल भोकाच्या खालच्या कडेला जेमतेम टेकलेलं दिसलं पाहिजे.

मग इंजिन गरम करून व्हॅक्यूम गेज लावा. मिक्स्चर स्क्रू हलके टेकवा, आवळू नका, टोक चेपतं. दीड फेरा मागे घ्या आणि दोन्ही बाजू थोड्या थोड्या फिरवत गेज सर्वात वर जाईल तिथे थांबा. मग स्लो सेट करा. पाय दाबल्यावर गाडी अडखळत असेल तर ॲक्सिलरेटर पंप बघा. लिव्हर हलल्याक्षणी धार आली पाहिजे. पॉवर व्हॉल्व्ह, म्हणजे जोर लागला की जास्त पेट्रोल सोडणारी झडप, आयडलच्या व्हॅक्यूमच्या निम्म्या आकड्याचा. १३ इंच असेल तर ६५ छापलेला, तो साडेसहाला उघडतो. मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं भोक, सगळ्यात शेवटी, एका वेळी दोन नंबर, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, लिहून ठेवा.

चोकचं राहिलंच. इथेनॉलचंही. ज्यांना विचारायचंय त्यांनी पार्किंगमध्ये या, बॉनेट उघडून ठेवतो. आणि ज्यांच्या खोक्यात क्वाड्राजेट पडलाय त्यांनी तो विकू नका. विकायचाच असेल तर आधी मला सांगा.