जळगावच्या भट्टीवर अरेबिका

(दृश्य: पत्र्याची शेड. गोणी उसवली जाते, दाणे परातीत.)

हिरवट-करडा दाणा. वास गवताचा, कॉफीचा नाहीच. गोणी आलीय चिकमगळूरहून. ही अरेबिका, कॉफीची एक जात. खानदेशात ती पिकत नाही. अरेबिकाला डोंगराची उंची, सावली आणि थंडावा लागतो. आपला वैशाख तिला सोसणार नाही. पण भाजायला कोण अडवतंय?

(दृश्य: ड्रम फिरतोय. काचेतून दाणे.)

पहिली काही मिनिटं दाणा फक्त सुकतो. मग पिवळा पडतो, मग तांबूस. पारा दोनशे अंशांच्या आसपास पोचला, की कान द्या.

(तडतड ऐकू येऊ द्यावी. निवेदन थांबते.)

हा फर्स्ट क्रॅक. आत कोंडलेली वाफ दाणा फोडून बाहेर पडते. आता सेकंदांचा खेळ. वेळेत उतरवला तर वाणाची चव जिभेवर येते. काळाकुट्ट, तेल सुटेपर्यंत ठेवला, तर आजचा एस ७९५ वाण काय नि दुसरा काय, सगळंच कडू. भरताचं वांगं बामणोदचं आहे ना, हे विचारून घेणारे आपण. कॉफी घेताना मात्र वाण विचारत नाही.

(दृश्य: भिंतीवरचा तक्ता. बोट रेघांवरून सरकतं.)

अरेबिकाचं मूळ घर इथिओपिया. तिथून येमेन. येमेनहून निघालेल्या दोन मोठ्या शाखा: टिपिका आणि बुर्बाँ. टिपिका स्वच्छ, हलकी गोड. बुर्बाँ जास्त गोड, भरीव. बुर्बाँचंच बुटकं रूप ब्राझीलमध्ये सापडलं, ते कातुर्रा. केनियात १९३०च्या दशकात निवडलेल्या एसएल २८ला काळ्या बेरीसारखा आंबटपणा. आणि गेशा! मूळची इथिओपियाची, पण २००४ साली पनामाच्या स्पर्धेत गाजली. जाईच्या फुलांचा वास. तिची किंमत ऐकून आमच्या कॅमेरामनने दाणा परत ठेवला.

आपला एस ७९५ कर्नाटकातल्या बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रात १९४०च्या दशकात तयार झाला. एक पालक केंट हा अरेबिकाचाच वाण, दुसरा एस २८८, आणि त्या एस २८८मध्ये लायबेरिका या वेगळ्याच जातीचा अंश. तांबेरा रोगाशी झुंजायला हा खटाटोप.

(दृश्य: टेबलावर पेले. किटलीतून पाणी.)

आता चव पारखायची. दीडशे मिलिलिटर पाण्याला सव्वाआठ ग्रॅम भरड. चार मिनिटं थांबायचं, वर आलेला थर चमच्याने मोडायचा, नाक जवळ न्यायचं. मग चमचाभर घेऊन सुर्रकन ओढायचं. इथे आवाज केला तरी कुणी रागावत नाही.

एस ७९५: गूळ, थोडी चिंच, मागून मसाला. शेजारी सिलेक्शन ९, अर्धं इथिओपियन रक्त: लिंबाची साल, फुलं. शेजारच्या आजींनी हाच पेला उचलला.

'हाई ते आंबट लागस!'

आजी, बरोबर ओळखलंत. तो आंबटपणा दोष नाही, त्याच्यासाठीच हा दाणा एवढा जपून भाजला.

(दृश्य: मळ्याचा फोटो, दोन सेकंद.)

तांबेरा, खोडकिडा, लहरी पाऊस. अरेबिकाला हे सगळं सोसत नाही. म्हणून भारतात आज सुमारे ७० टक्के कॉफी रोबस्टा, म्हणजे दुसरी, जास्त काटक जात.

(दृश्य: पाकिटं भरली जातात.)

फिल्टर कॉफीच्या पाकिटावर चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळलेली भाजकी मुळी, किती टक्के, हे छापावंच लागतं. वाण छापायची सक्ती नाही. म्हणून इथे प्रत्येक पाकिटावर मार्करने लिहितात: एस ७९५, चिकमगळूर, मध्यम भाजणी. खाली आजची तारीख.