लघवी नेमकी कधी सुटते?

(सांगलीत आशाताई आणि आरोग्यसेविकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

ताईंनो, बायका ही तक्रार सरळ सांगत नाहीत. ‘कंबर दुखते’, ‘अंगावरून जातं’ असं सांगतात आणि उठता उठता ‘लघवीही जरा सुटते’ म्हणतात. तेवढं कानावर पडलं की तिला पुन्हा बसवा आणि विचारा, नेमकी कधी सुटते?

खोकताना, शिंकताना, उसाची मोळी उचलताना सुटत असेल, तर मूत्रमार्गाला खालून मिळणारा आधार सैल पडलाय. बाळंतपणं, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, वाढलेलं वजन ही नेहमीची कारणं. एकाएकी घाई लागून संडासाच्या दारात पोचायच्या आत कपडे भिजत असतील, तर मूत्राशय नको तेव्हा आवळतंय. पुष्कळ जणींना दोन्ही त्रास असतात. जो जास्त छळतो त्यावर आधी उपचार करायचे. हा फरक न पाहता औषध दिलं तर वाया जातं, कारण मूत्राशय शांत करणाऱ्या गोळीनं खोकताना सुटणारी लघवी थांबत नाही.

त्यासाठी तीन दिवसांची नोंद ठेवायला सांगा. एक दिवस रानातल्या कामाचा, एक घरचा असावा. किती वाजता लघवी झाली, मापाच्या मगमध्ये किती मिली भरली, पाणी-चहा किती, कधी सुटली आणि तेव्हा काय करत होती. लिहिता येत नसेल तर लेकीनं लिहावं. मूत्राशयात साधारण ३०० ते ५०० मिली मावते. दर वेळी १०० मिलीच होते आणि सारखं जावं लागतं, तर घाईचा प्रकार समजा. दिवसभराची बेरीज ३ लिटरच्या वर गेली तर आधी रक्तातली साखर बघा.

लघवीची तपासणी प्रत्येकीची करायचीच, कारण जंतुसंसर्गानंही हेच होतं. मूत्राशय भरलेलं असताना डॉक्टर खोकायला लावून पाहतात, अंग खाली आलंय का तपासतात. लघवी करून आल्यावर सोनोग्राफीत १५० मिलीहून जास्त शिल्लक दिसली, तर मूत्राशय रिकामंच होत नाही. अशा बाईला घाईच्या गोळ्या दिल्या तर लघवी तुंबू शकते.

आता व्यायाम. इथं सगळ्यात जास्त चुका होतात. वायू रोखताना आवळतात तेच स्नायू आत आणि वर ओढायचे, ६ ते ८ सेकंद धरायचे, तेवढाच वेळ सैल सोडायचे. असं ८ वेळा, दिवसातून ३ दा, निदान ३ महिने. बाई श्वास कोंडते आणि पोटानं खाली जोर देते, त्यानं उलट नुकसान होतं. म्हणून मोठ्यानं आकडे मोजायला लावा, श्वास आपोआप चालू राहतो. मांड्या आणि कुल्ले सैल हवेत. जमत नसेल तर आडवं पडून सुरुवात करावी. लघवी मध्येच अडवून रोजचा सराव करू नये. मोळी उचलण्याआधी, खोकण्याआधी आवळायची सवय लावा.

घाईच्या प्रकारात मूत्राशयाला वळण लावायचं. तासाला जात असेल तर सव्वा तास थांबायचं, जमलं की आणखी १५ मिनिटं. निदान ६ आठवडे लागतात. चहा कमी करावा, पण पाणी तोडू नये. घट्ट लघवीनं मूत्राशय जास्त चिडतं. रानात आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायका मला फार काळजीत टाकतात. एवढ्यानं भागलं नाही तर सोलिफेनॅसिनसारखी गोळी देतात. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, म्हाताऱ्या बाईला गोंधळल्यासारखं होऊ शकतं. त्याऐवजी मिराबेग्रॉन ही दुसरी गोळी दिली तर हे त्रास कमी होतात, पण रक्तदाब मोजत राहावा लागतो. गुण यायला ४ आठवडे तरी द्या. पाळी गेलेल्या बाईला योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमचा उपयोग होतो.

आणि हे ठामपणे सांगा: गर्भपिशवी काढणं हा लघवी सुटण्यावरचा इलाज नाही. ऊसतोडीला आलेल्या बायकांना तर आवर्जून सांगा. व्यायामानं भागलं नाही तर मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी बसवण्याचं ऑपरेशन असतं. ती जाळीची असेल तर पुढे ती टोचण्याचा, दुखण्याचा धोका आहे. स्वतःच्याच पोटाच्या स्नायूंवरच्या पडद्याची पट्टीही घेता येते. दोन्ही समजून घेऊनच बाईनं सही करावी.

अवघड बाळंतपणानंतर किंवा पिशवीच्या ऑपरेशननंतर रात्रंदिवस थेंब थेंब गळत असेल, तर मूत्रमार्ग किंवा मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यामध्ये भोक पडलेलं (फिस्टुला) असू शकतं. तिला व्यायाम सांगत बसू नका, मूत्ररोगतज्ज्ञाकडे पाठवा. लघवीत रक्त दिसलं तरी तसंच. पाय बधिर किंवा लुळे पडून लघवीचा ताबा गेला, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.