वाट बघणाऱ्यांची वही

स्वारगेट एसटी स्टँड, सकाळचे साडेनऊ. भोर गाडीच्या फलाटावर माझी मैत्रीण मांडीवर स्केचबुक घेऊन बसलीये. ती चित्रकार आहे आणि गेली दोन वर्षं ती वाट बघणारी माणसंच काढतीये. आर्ट कॉलेजात असताना सगळ्यांनाच स्टेशनवर, मंडईत स्केचिंगला पाठवतात, बाकीचे पुढे आपापल्या वाटेला लागले, ही मात्र त्या बाकड्यावरून काही उठली नाही.

समोर एक आजी. पिशवी दोन पायांच्या मधे, डावी चप्पल काढलेली, उजवी पायातच, आणि मोकळ्या पावलाचा अंगठा सारखा फरशीवर काहीतरी गिरवतोय, चेहरा मात्र एकदम शांत. मैत्रीण म्हणते चेहरा सोड, पाय बघ. उभा माणूस आधी एका पायावर भार टाकतो, मग दुसऱ्या, मग परत पहिल्या, आणि एकदा हे लक्षात आलं ना की अख्खा स्टँड डुलताना दिसायला लागतो.

नाट्यशास्त्रात भरतमुनींनी आठ नायिका सांगितल्यात, त्यातल्या निम्म्या तरी वाटच बघतायत. वासकसज्जा नटूनथटून बसलेली, तो येणार याची खात्री असलेली. विरहोत्कंठिता, त्याला उशीर झाला म्हणून कासावीस. प्रोषितभर्तृकेचा नवरा परगावी. आणि विप्रलब्धा, जिला आत्ता कळलंय की तो येतच नाहीये. तिकडे पहाडी चित्रकारांनी तिला अंगावरचे दागिने काढून फेकताना रंगवलं. वाट बघण्यात इतक्या जाती असतात हे त्या लोकांनी किती बारकाईने बघितलं असेल!

आणि आपला विठोबा! आम्ही नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला गेलो, तुकोबांची पालखी पुण्यात इथंच मुक्कामाला असते. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता, त्याने वीट सरकवली, म्हणाला जरा थांब, आणि देव थांबला. पण मैत्रीण बघत होती पाय. मुरली वाजवणारा कृष्ण बघा, पायावर पाय, कंबर झुकलेली. इथे कमरेवर हात आणि दोन्ही पावलं शेजारी शेजारी, सरळ, दोन्हींवर सारखा भार. समचरण. ती हळूच म्हणाली, स्टँडवर असं कुणीच उभं राहत नाही रे. मी हा शब्द लहानपणापासून ऐकतोय, पण अंगावर काटा त्या दिवशी आला.

परत स्वारगेट. आजींना कळलंय.
"माझं काढतीयेस व्हय गं? दाखव की."
"थांबा ना आजी, डोकं राहिलंय अजून."
तेवढ्यात गाडी लागते. आजी पायाने चाचपत चप्पल शोधतात, पिशवी उचलतात आणि गर्दीत दिसेनाशा होतात.

कागदावर पिशवी, दोन पावलं आणि एक चप्पल. वर कोरं. मैत्रीण पान उलटते, त्या वहीत अशी बरीच पानं आहेत.