हाड वाढते, पोटरी अडते

पायाची लांबी वाढवण्याची शस्त्रक्रिया ठरली की रुग्ण आणि घरचे लोक हाडाविषयीच विचारतात: ते जुळून येईल का आणि किती सेंटिमीटर वाढेल. महिनाभरात मात्र तक्रारीचा विषय बदलतो, कारण हाड ठरल्याप्रमाणे लांबत असते आणि पोटरी आखडू लागलेली असते.

सोव्हिएत शल्यचिकित्सक गाव्रिल इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात सायबेरियातील कुर्गान शहरात ही पद्धत घडवली. नडगीचे हाड कापून त्याचे दोन्ही भाग तारांनी बाहेरच्या कड्यांना बांधतात, साधारण आठवडाभर थांबतात आणि मग ती कडी दिवसाला १ मिलिमीटर या गतीने एकमेकांपासून दूर नेतात. तोही एका दमात नव्हे. पाव मिलिमीटर, दिवसातून चार वेळा. मधल्या फटीत नवे हाड तयार होत जाते.

स्नायूला अशी फट मिळत नाही. तो अखंड असतो आणि अखंडच ताणला जातो. ताणाखाली स्नायूचे तंतू नवे घटक जोडून लांब होतात खरे, पण हाडाच्या वेगाशी त्यांना जुळवून घेता येतेच असे नाही. पोटरीचा वरचा स्नायू गुडघा आणि घोटा असे दोन सांधे ओलांडतो. म्हणून तो आखडला की गुडघा वाकलेला राहतो, टाच वर उचलली जाते आणि पाऊल चवड्यावर येते. दुखऱ्या गुडघ्याखाली उशी घेतली की बरे वाटते, आणि घरची माणसे ती मायेने सरकवतातही. पण रात्रभर वाकलेला गुडघा सकाळी सरळ व्हायला तयार नसतो. उशी घ्यायचीच, तर ती टाचेखाली.

फिजिओथेरपिस्ट गुडघा सरळ ठेवून पाऊल वर ढकलून पाहतात आणि मग गुडघा वाकवून तेच करतात. पहिल्या वेळी पाऊल अडले आणि दुसऱ्या वेळी सहज वर आले, तर दोष घोट्याच्या सांध्यात नसून त्या वरच्या स्नायूत आहे. अशा वेळी व्यायाम वाढवतात, रात्री पाऊल काटकोनात धरणारी पट्टी बांधतात किंवा वाढीचा वेग कमी करतात. वेग फार कमी केला, तर हाड वेळेआधीच जुळून बसण्याचा धोका असतो. कशानेच जमले नाही, तर पोटरीला टाचेशी जोडणारा कंडरा शस्त्रक्रियेने लांबवावा लागतो, आणि त्यामुळे पोटरीची ताकद काही काळ घटते. बोटे वर उचलता न येणे किंवा पावलाला मुंग्या येणे हा मात्र मज्जातंतूवरील ताण असू शकतो, तर पोटरी गरम होऊन सुजणे हे रक्ताच्या गुठळीचे लक्षण असू शकते. त्यांना आखडलेपणा समजून दिवस ढकलू नयेत, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

केवळ उंचीसाठी हा मार्ग धरणाऱ्यांना सेंटिमीटरचा आकडा आधी सांगितला जातो, आणि मला ते खटकते. ५ सेंटिमीटर वाढ सुमारे ५० दिवसांत होते. नवे हाड पक्के व्हायला त्यानंतर कित्येक महिने लागतात आणि त्या सगळ्या काळात व्यायाम रोज करावा लागतो. क्ष-किरणांत हाडाच्या चारपैकी किमान तीन बाजू सलग दिसल्याशिवाय कडी सहसा काढत नाहीत, आणि ती निघाल्यावरही टाच टेकवून चालण्याचा सराव सुरूच ठेवावा लागतो.