सराव सामन्यांचा निकाल कसा वाचायचा?

नमस्कार. समोर पोरं बसली आहेत आणि मागे त्यांच्या घरची मंडळी. गेल्या रविवारी सामना संपल्यावर एका आजोबांनी मला मैदानाच्या कडेला गाठलं आणि म्हणाले, "सर, फुटबॉलचे चार सराव सामने झाले, त्यातले दोनच जिंकलो, यंदाचं काही खरं दिसत नाही." पोरं कुडकुडत उभी होती, त्यांना तिथे उत्तर देता आलं नाही. म्हणून आज तुम्हा सगळ्यांना बोलावलं.

आजोबांची काळजी मला कळते. पण मोसमाआधीचे निकाल फार फसवे असतात. २०१४ साली लुई व्हॅन खाल इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडला कोच म्हणून नुकते आले होते. अमेरिकेच्या दौऱ्यात संघानं एलए गॅलक्सीला ७-० धुतलं. मिशिगनला लाखावर प्रेक्षकांसमोर रिआल माद्रिदला हरवलं, शेवटी लिव्हरपूललाही ३-१. आणि १६ ऑगस्टला लीगचा पहिलाच सामना घरच्या मैदानावर स्वान्सीविरुद्ध १-२ गमावला! मोसमाअखेर युनायटेड चौथ्या क्रमांकावर होतं.

२०१९ला लिव्हरपूलच्या बाबतीत बरोबर उलटं झालं. डॉर्टमुंडकडून हार, सेव्हियाकडून हार, नापोलीकडून तर ०-३. पण त्या सामन्यांत खेळत कोण नव्हतं? साला आणि माने आफ्रिका चषक खेळून आलेले, फर्मिनो आणि गोली ॲलिसन कोपा अमेरिका, म्हणजे दक्षिण अमेरिकेचा चषक, जिंकून सुट्टीवर. पुढच्या मोसमात त्याच लिव्हरपूलनं ९९ गुण मिळवले आणि तीस वर्षांनी लीग जिंकली.

एवढ्या लांब जायलाही नको. आपल्याकडचा ड्युरंड चषक १८८८पासूनचा, आता तो मोसमाच्या तोंडावर होतो. २०२२च्या अंतिम सामन्यात आपली मुंबई सिटी बेंगळुरूकडून २-१ हरली. मग आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, सुरू झाली आणि मुंबई पहिल्या १८ सामन्यांत हरलीच नाही, ४६ गुणांसह गुणतक्त्यात पहिली येऊन शिल्ड घेऊन गेली. ती घोडदौड अडवली पुन्हा बेंगळुरूनंच. ड्युरंड जिंकलेलं हे बेंगळुरू मधे बरंच चाचपडलं, मग सलग विजय मिळवत अंतिम सामन्यापर्यंत पोचलं. आता ड्युरंडच्या त्या एका निकालावरून यातलं काय सांगता आलं असतं?

कारण साधं आहे. या दिवसांत कोच मुद्दाम दमवून खेळवतो, सकाळच्या सरावानं पाय जड असतात. मध्यंतरानंतर अर्धा संघ बदलतो, बचावातल्या बॅकला मधल्या फळीत हाफच्या जागी लावून बघतो. तिथे चुकलेलं मला चालतं, नव्हे, ते तिथेच चुकायला हवं.

म्हणून माझ्या वहीत गोलांचा रकाना सगळ्यात शेवटी आहे. पहिला रकाना आहे चेंडू गेल्यानंतरच्या पाच सेकंदांचा. आपला डावा हाफ बघा. जूनमध्ये त्याच्याकडून चेंडू गेला की तो कमरेवर हात ठेवून उभा राहायचा, आभाळाकडे बघायचा. परवा देवळालीच्या सामन्यात, पाऊस असा की पलीकडचा गोलखांब दिसेना, त्याचा पास चुकला. पोरगा जागच्या जागी वळला, तीन पावलं पळाला आणि समोरच्याचा आत जाणारा रस्ता बंद केला. त्याला चेंडू मिळाला नाही, पण समोरच्याला मागे पास द्यावा लागला. कोणी टाळी वाजवली नाही. मी मात्र वहीत दोन रेघा मारल्या. त्या सामन्यात आपण हरलो, आणि तरी या चारांतला मला तोच सगळ्यात आवडला.

आता जे मला खुपतं ते. कॉर्नरवर जवळच्या खांबाशी आपला माणूस नसतो, दोन गोल तसेच खाल्ले. हे दुरुस्त होईल. साठाव्या मिनिटानंतरचं दुखणं मोठं आहे. आपली काळी माती स्टड्समध्ये भरते, बूट दुप्पट जड होतो, फॉरवर्ड पुढेच थांबतात आणि बॅक मागे सरकतात. मधे बैलगाडी वळेल एवढी जागा उरते. समोरचा हाफ तिथे आरामात मान वर करून पास शोधतो. मध्यंतरात काडीनं माती खरवडायची सवय लागली पाहिजे हे खरंच, पण मुळात दम कमी पडतोय.

तेव्हा माझा अंदाज असा: पहिल्या चारांत आपण येऊ. विजेतेपदाचं आज मी बोलणार नाही, तेवढी आपली राखीव फळी भक्कम नाही. मधला बॅक पडला तर त्याच्या जागी उतरवायला माझ्याकडे अजून कोणी तयार नाही. आणि पालकांनो, तो बॅक बारावीला आहे. आणखी तिघं बारावीला आहेत. गंगापूर रोडच्या क्लासची संध्याकाळची बॅच आणि आपला सराव एकाच वेळी येतात. अभ्यास सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. मंगळवार आणि गुरुवार, फक्त या दोन दिवशी सकाळची बॅच मिळते का, तेवढं विचारा. मिळत नसेल तर मला सांगा, मी पहाटे साडेपाचला मैदानावर येतो. तो साठाव्या मिनिटानंतरचा दम याच दोन दिवसांत कमवायचा आहे.

आजोबा, रविवारी पहिला सामना आहे. माझ्या शेजारी बसा. वही तुमच्या हातात देतो, पाच सेकंदांचा रकाना तुम्ही भरा. येताना पेन्सिल आणा, पावसात पेनची शाई पसरते.