हिरवे टोमॅटो घ्या हो कुणीतरी!

नमस्कार मंडळी! कसे आहात, स्वेटर काढले की नाही बाहेर? आपल्या मॅसॅच्युसेट्समधे पानगळ जोरात सुरू झालीये, शहाणी माणसं रंगीत झाडं बघायला गाड्या काढून व्हरमाँटकडे निघालीयेत, आणि आमच्यासारखे काही येडे लोक मात्र शनिवारी सकाळी चिखलाचे बूट चढवून शेतावर भोपळे उचलायला जातात, आणि वर त्याचे पैसेही भरतात! हो, पैसे आम्ही भरतो. तर आज त्याच शेताबद्दल बोलायचंय.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांना सांगते, ह्याला सीएसए म्हणतात, कम्युनिटी सपोर्टेड अ‍ॅग्रिकल्चर, म्हणजे लोकांनी मिळून सांभाळलेली शेती. फेब्रुवारीत, म्हणजे शेतात बर्फाशिवाय काहीही दिसत नसतं तेव्हा चेक द्यायचा, आणि मग जूनपासून ऑक्टोबर संपेपर्यंत दर आठवड्याला जे काही उगवेल त्यातला आपला वाटा घरी न्यायचा. अमेरिकेत हे 1986 साली सुरू झालं, एक शेत आपल्याच राज्यात, तिकडे बर्कशर भागात साउथ एग्रेमाँटला, आणि दुसरं शेजारच्या न्यू हॅम्पशायरमधे टेंपल-विल्टन. एग्रेमाँटच्या शेताचं नाव इंडियन लाइन फार्म, मालकीणबाई रॉबिन व्हॅन एन. मी हे एकदा आमच्या ग्रुपमधे सांगितलं तर एका काकांनी लगेच विचारलं, इंडियन म्हणजे मालक गुजराती का? नाही हो काका, आपला तिथे काही संबंध नाही.

ह्यामागची कल्पना अशी की शेतकऱ्याचा धोका सगळ्यांनी वाटून घ्यायचा. गारा पडल्या, कीड लागली, तर सगळ्यांनाच कमी मिळेल, कुरकुर करायची नाही. ऐकायला फार छान वाटतं, मीपण भारावूनच फॉर्म भरला होता. पण धोका जसा वाटायचा तसं उदंड झालेलंही वाटून घ्यायचं असतं, हे काही त्या फॉर्मवर कुणी छापत नाही. ऑगस्टमधे झुकिनी इतकी होते की पिशवी हातात दिसली की शेजारी दार उघडत नाहीत. आणि ऑक्टोबरमधे केल, म्हणजे कोबीच्या कुळातली ती जाड पानांची पालेभाजी. नुसता केल. गेल्या आठवड्याचा संपत नाही तोवर ह्या आठवड्याचा हजर.

वाटा घ्यायचा दिवस मात्र बघण्यासारखा असतो. शेडमधे लांब टेबलं, प्रत्येक क्रेटवर खडूने लिहिलेली पाटी, गाजरं दोन पौंड, बीट एक जुडी, कोथिंबीर हवी तेवढी. उन्हाळ्यात ही कोथिंबीर दोन दिवसांत फुलावर जाते, आणि आता थंडी पडल्यावर अशी माजते की विचारू नका, म्हणजे आपल्याला वड्या करायला मोकळं रान. टेबलाच्या शेवटी एक क्रेट असतं, आपल्याला नको ते त्यात ठेवायचं आणि दुसऱ्याने ठेवलेलं हवं तर उचलायचं. त्यात कायम नवलकोल पडलेले. इथले लोक नवलकोलाकडे आकाशातून उपग्रह पडल्यासारखे बघतात, हळूच क्रेटमधे ठेवतात आणि निघून जातात. आणि मागून आम्ही! हरभऱ्याची डाळ घालून भाजी करायची, कोवळा पालाही त्यातच चिरून टाकायचा, वाया काही घालवायचं नाही.

पाल्यावरून आठवलं. मुळा घेतला की इथे पाला तिथल्या तिथे पिरगाळून कंपोस्टच्या बादलीत टाकायची पद्धत आहे. आमच्याकडे एक आजी येतात, मुलाकडे राहायला आल्यात सहा महिने. पहिल्या वेळी त्यांनी ते बघितलं आणि त्यांचा जीवच कळवळला. इंग्रजी येत नाही, पण त्याने काय अडतंय, बादलीशेजारी पिशवी उघडून उभ्या राहिल्या आणि प्रत्येकाला बोटाने दाखवायला लागल्या, इथे टाका, इथे! आता लोक सरळ त्यांच्याच पिशवीत टाकतात, वर थँक्यू पण म्हणतात, आणि आजी त्यांना ‘बरं बरं’ म्हणतात. मुलगा गाडीत मान खाली घालून फोन बघत बसलेला असतो. रात्री पीठ पेरून केलेली भाजी खायला मात्र पहिला पानावर तोच, असं आजींनीच सांगितलं मला.

मधेच टर्की पक्षी येतात. रानटी, पंधरा-वीसचा कळप, एकामागे एक रांगेत, कुणालाही न घाबरता. ह्या राज्यातून टर्की 1851 च्या सुमाराला पार संपल्या होत्या, मग 1970 च्या दशकात न्यूयॉर्कहून 37 आणून बर्कशरमधे सोडल्या, आणि आता बघावं तिथे ह्याच. आमच्या शेतावर त्या वाटा घेतल्याशिवाय जात नाहीत, आणि त्यांना फेब्रुवारीत चेक पण द्यावा लागत नाही.

बरं आता मुख्य विषय, फ्रॉस्ट, म्हणजे पारा गोठण्याइतका उतरतो आणि नाजूक झाडं एका रात्रीत करपतात ते. ऑक्टोबर लागला की आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुसरं काही नसतं, कारण टोमॅटोच्या ओळींच्या कडेने झेंडू असतो. शेतावरचे लोक तो कीड दूर ठेवायला लावतात, आणि आमचं अर्धं मराठी मंडळ त्याच्यावर दसऱ्यासाठी डोळा ठेवून असतं. दसरा लवकर असला तर काही प्रश्न नाही, 2025 ला 2 ऑक्टोबरलाच होता. पण अधिक महिना आला की सण पुढे ढकलले जातात, 2023 ला दसरा गेला 24 ऑक्टोबरला, आणि आमच्या भागात तोवर झेंडू टिकेल ह्याची खात्री कोण देणार! मग ग्रुपवर एकाचा पंचांगाचा फोटो, दुसऱ्याचा वेदर अॅपचा स्क्रीनशॉट, आणि तिसरा विचारतो की सोनं म्हणून मेपलचं पान चालेल का. चालतंय की, न चालून कुणाला सांगताय, आपटा कुठे मिळणारे इथे.

फ्रॉस्टचं एक लक्षात ठेवा, ज्यांच्या परसात काही लावलंय त्यांनी पण ऐका. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल ती रात्र धोक्याची. ढग नसले की जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते, आणि थंड हवा जड असल्याने खोलगट जागेत साचते. म्हणजे फोनवर 36 डिग्री फॅरनहाइट दिसत असलं तरी खालच्या वाफ्यात 32, म्हणजे पाणी गोठण्याइतकं, झालेलं असू शकतं. आमचा मिरच्यांचा वाफा नेमका अशाच खोलगटात आहे, कुणी आखला देव जाणे.

तर अशा संध्याकाळी मॅनेजर पोरीचा मेसेज येतो, ज्यांना जमेल त्यांनी या. आणि पांढऱ्या पातळ कापडाचे लांबच लांब तागे अंथरायचे असतात पिकांवर. रात्री वारा पडणार असतो हो, पण दुपारी तो सुसाटच असतो! चार टोकांना चार जण, एक जण एमआयटीतला रोबो बनवणारा, एक हार्टची डॉक्टर, एक निवृत्त मास्तर आणि मी, आणि ते कापड कुणाचं ऐकेल तर शपथ. रोबोवाला मधोमध उभा राहून सूचना देत होता, तर कापड फिरून त्याच्याच डोक्यावर आलं आणि तो आतूनही सूचना देतच राहिला. शेवटी आजींनी, त्याच आपल्या, काठावर सरळ बैठक मारली आणि वाळूच्या पिशव्या येईपर्यंत उठल्या नाहीत. आमच्या चौघांच्या डिग्र्या तिथेच संपल्या.

मग अंधार पडल्यावर डोक्याला दिवे लावून टोमॅटो उतरवायचे. पिकलेले, अर्धे पिकलेले आणि ठार हिरवे, सगळे, कारण सकाळी त्यांचा नुसता लगदा होणार. क्रेटवर क्रेट. आणि मग शेडमधे उभं राहून मॅनेजर अक्षरशः गयावया करते, हिरवे टोमॅटो घ्या हो कुणीतरी! इथले लोक कॉर्नमीलमधे घोळवून तळतात, पण तळून तळून किती तळणार. अशा वेळी मराठी माणसाची कॉलर जरा ताठ होते. फोडी करून तेलावर डाग पडेपर्यंत परतायच्या, हिरवी मिरची आणि लसूण त्यातच, मग तीळ, दाण्याचं कूट, चिमूटभर गूळ, मीठ, आणि फार बारीक न वाटता चटणी. मी एक बरणी शेडमधे ठेवली होती, मास्तरांनी टोस्टला लावून उभ्या उभ्या संपवली.

सकाळी बेसिल काळं पडलेलं असतं, बघवत नाही. आपली घरची तुळस त्याच्याही आधी खिडकीत आणून ठेवा बरं का, नोव्हेंबरात तिचं लग्न लावायचंय. केल मात्र ठणठणीत! उलट थंडीत त्याची पानं साखर साठवतात, म्हणजे आतलं पाणी लवकर गोठत नाही, आणि म्हणून फ्रॉस्टनंतर केल गोड लागतो असं मॅनेजर प्रत्येकाला थांबवून सांगते. खरं आहे ते, मी खाऊन बघितलाय. पण गोड झाला तरी केल तो केलच. भजी केली तर घरात संपतो, पण भजी काय, पुठ्ठ्याची केली तरी संपतील.

भोपळ्यांचं थोडक्यात सांगते, वेळ होत आलाय. बटरनट देठाला धरून उचलायचा नाही, देठ तुटला की तो टिकत नाही. ओळीत उभं राहून हातोहात ट्रकपर्यंत पोचवतात आणि शेवटी शेवटी फेकतातच, म्हणून क्रिकेट खेळलेल्या आपल्या पोरांना मुद्दाम ट्रकपाशी उभं करतात. मग दहा-बारा दिवस ऊबदार जागेत ठेवून साल टणक करतात. घारग्यांना हाच घ्या, हॅलोविनचा तो मोठा कोरायचा भोपळा नको, पाणीच पाणी आणि नुसते दोरे निघतात.

आणि आता राहिलाय लसूण. गावाकडे आपण आत्ता लावला की उन्हाळ्याच्या तोंडावर काढतो, इथे तो अख्खा हिवाळा बर्फाखाली झोपतो आणि जुलैत निघतो. बियाण्याला सगळ्यात मोठ्या, टपोऱ्या पाकळ्या निवडायच्या आणि बारक्या तेवढ्या स्वयंपाकाला घरी न्यायच्या, हे करताना हात जरा थरथरतो. पुढच्या शनिवारी लावणी आहे, सकाळी नऊला, माणसं कमी पडतायत. पाकळीचं टोक वर, बूड खाली, दोन इंच खोल, वर पेंढा, एवढंच काम आहे. हातमोजे तुमचे तुम्ही आणा, चहा मी आणते, आणि येताना रिकाम्या पिशव्या आणू नका, तुमच्या गाडीत केल ठेवायची सोय आम्ही आधीच करून ठेवलीये. नमस्कार!